इंग्लंडच्या शाळेत शिकवायला आल्यावर : पहिल्या सत्रातल्या नोंदी

कोनमापक

सप्टेंबरपासून इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवतेय. शाळेचं नाव सांगणार नाही. मुलं आपल्या शिक्षकांना इंटरनेटवर शोधतात आणि भाषांतराचं बटण त्यांना आपल्याआधी सापडतं. येण्यापूर्वी मी मराठीत बरंच शोधलं, पण व्हिसा आणि पगार यापलीकडे कोणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. वर्गाचं दार लागल्यावर आत काय चालतं, त्याबद्दल लिहितेय. घर शोधणं, थंडी, डिसेंबरात चारच्या आत होणारा अंधार यावर भरपूर धागे आहेत, ते सोडून देते.

सर्वांत आधी जाणवलं ते हे, की पाठ्यपुस्तक नाही. सरकार नॅशनल करिक्युलम ठरवून देतं, एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर ही परीक्षा मंडळं आपापल्या परीक्षेचा आराखडा देतात, आणि मधलं सगळं शाळेवर सोडलेलं. पुस्तकं बाजारात मिळतात, काही शाळा वापरतातही. आमच्याकडे कपाटात आहेत. आमच्या विभागाची एक सामायिक ड्राइव्ह आहे. विभागप्रमुखांनी तिची लिंक दिली आणि म्हणाले, सगळं यात आहे. होतं खरं. एकेका घटकाच्या चार शिक्षकांनी केलेल्या चार स्लाइडमाला, त्यातल्या दोन एकमेकींशी न जुळणाऱ्या. 'पोर्शन संपवणे' ही ज्याची झोप उडवणारी गोष्ट होती अशा माणसाला आधी मोकळं वाटतं आणि मग भीती वाटते, कारण आता कुठल्या पानावर आहोत हे सांगायला पानच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दार. आपल्याकडे शिक्षक वर्गात येतात आणि मुलं उभी राहतात. इथे खोली शिक्षकाची असते, मुलं तासाला येतात, आणि दारात उभं राहायचं ते शिक्षकाने. प्रत्येकाला नावानिशी आत घ्यायचं, टाय ढिला असेल तर तिथेच सांगायचं. आत फळ्यावर मागच्या आठवड्यातली, मागच्या महिन्यातली चार-पाच उदाहरणं आधीच लिहिलेली असतात. मुलं बसली की न बोलता ती सोडवायला घेतात, तेवढ्यात मी हजेरी भरते. हजेरी ही कायदेशीर नोंद आहे, ती 'नंतर भरू' चालत नाही.

कोणी कुठे बसायचं हे मी ठरवते. सीटिंग प्लॅनवर प्रत्येक मुलाचा फोटो, वाचनाची पातळी, कोणाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत, कोणाला शाळेत मोफत जेवण मिळतं, कोणाची घरची भाषा वेगळी आहे, अशा खुणा असतात. सुरुवातीला मला हे पोलिसी वाटलं. आता त्या कागदाशिवाय वर्गात पाऊल टाकवत नाही. नावं पाठ होण्याचं काम तर त्यानेच केलं.

आणि पाट्या! हो, पाट्या आहेत, फक्त पांढऱ्या, आणि पेन्सिलीऐवजी मार्कर. प्रत्येक मुलाकडे एक. मी विचारते, १/२ अधिक १/३ किती, आणि तीन म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. निम्म्यांवर २/५ लिहिलेलं असतं. आता पुढे सरकायचं की नाही हे मला दहा सेकंदांत कळलं. हात वर करणाऱ्या त्याच त्या पाच मुलांच्या उत्तरांवर धडा पुढे नेण्याची सोयच उरत नाही. माझ्या आजवरच्या शिकवण्यात सर्वांत मोठी भर कशाने घातली असं कोणी विचारलं तर प्रशिक्षणाचं नाव घेण्याआधी मी पाटीचं नाव घेईन.

आता शिस्त. सगळे हेच विचारतात. इथे वचक माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो. वर्गात बोललं की आधी ताकीद, पुन्हा झालं की नाव नोंदवायचं, पुढे डिटेन्शन (शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं), त्यापुढे फोन करून वरिष्ठांना बोलवायचं आणि मुलाला वर्गाबाहेर काढायचं. प्रत्येक पायरीचं वाक्य ठरलेलं. आवाज चढवायचा नाही, टोमणा नाही, सगळ्यांसमोर पाणउतारा नाही. आमच्या विभागप्रमुखांचा इयर ९ चा (तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा) वर्ग मी मागे बसून पाहिला. एक मुलगा पाय आपटत बाहेर गेला, जाताना दार असं आदळलं की खिडकी वाजली. ते मान वर न करता म्हणाले, 'तिसरा प्रश्न, शेवटची पायरी, कोण सांगेल?' आणि वर्ग तिसऱ्या प्रश्नावर गेला. त्या मुलाशी ते बोलले, पण दुपारी, एकटं गाठून, अगदी शांतपणे.

मी ज्या व्यवस्थेतून आले तिथे 'बाईंचा वर्ग शांत असतो' ही बाईंची कमाई असते. इथे ती कमाई शून्यावर येते आणि पद्धत वापरायला शिकावं लागतं. मला हे अजून अर्धं पटलंय. तुम्हाला काय वाटतं?

धुकं

वाचतेय. छान लिहिलंय, पुढचा भाग लवकर येऊ द्या. मी एम.एस्सी., बी.एड., गणित. गेली काही वर्षं विचार चाललाय. हातात नेमके किती येतात आणि बी.एड. तिथे चालतं का, हे प्लीज सांगाल? बाकी कोणी विचारत नाहीये म्हणून मीच निर्लज्जपणे विचारते.

प्रयोगवही

मी लंडनमध्ये फिजिक्स शिकवतो, इथे येऊन बराच काळ झाला. कोनमापक, पाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. शिस्तीच्या पद्धतीबद्दल मात्र थोडं थंड पाणी ओततो.

ती पद्धत कागदावर प्रत्येक शाळेत आहे. ती चालते कुठे, तर जिथे तुम्ही फोन केल्यावर माणूस खरोखर येतो तिथे. माझ्या पहिल्या शाळेत फोन केला की कोणी येत नसे, आणि हे मुलांना शिक्षकांच्या आधी कळलेलं होतं. तेव्हा ज्यांच्या मुलाखती चालू आहेत त्यांनी एवढा एक प्रश्न जरूर विचारा : 'मुलाला वर्गाबाहेर काढायची वेळ आली तर कोण येतं आणि किती वेळात येतं?' उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर काय ते समजा.

आता विज्ञानवाल्यांसाठी. इथे लॅब टेक्निशियन नावाची जमात आहे आणि ती शाळेतली सर्वांत महत्त्वाची माणसं. कोणत्या तासाला काय हवं ते काही दिवस आधी लिहून द्यायचं. त्या तासाला ट्रॉली दारात हजर. तीस मुलांसाठी दहा संच, अॅमीटर तपासलेले, वायरी मोजलेल्या. जीसीएसईत, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेत, ठरवून दिलेले प्रयोग आहेत आणि त्यांवर लेखी परीक्षेत प्रश्न येतात, त्यामुळे 'प्रयोग वहीत उतरवून घ्या' हा प्रकार नाही. टेक्निशियनशी भांडण म्हणजे वर्षभर बिनबॅटरीचे बल्ब.

आणखी एक. फिजिक्सचा म्हणून घेतलं तरी इयर ७ ते ९ ला तिन्ही शास्त्रं शिकवावी लागतात. फुलाचे भाग मी इथे येऊन पुन्हा पाठ केले. पुढे बहुतेक मुलं कम्बाइन्ड सायन्स (तिन्ही शास्त्रं एकत्र) घेतात, त्यात ५-४ असा जोडग्रेड मिळतो. तो पालकांना समजावून सांगण्यात पेरेंट्स ईव्हनिंगची अर्धी वेळ जाते.

निवृत्त मास्तर

कोनमापक ताई, लेखन आवडले. परंतु एक शंका. आमची उभी हयात फळ्यासमोर गेली. मी छडीचे समर्थन करीत नाही, कधी वापरलीही नाही. पण मुलाने दार आपटले आणि शिक्षकाने मान वर केली नाही, याला शिस्त म्हणायचे? त्या मुलाला त्या क्षणी कोणीतरी थांबवायला हवे होते. पायऱ्या, नोंदी, ठरलेली वाक्ये हे सारे कारकुनी काम झाले. शिक्षकाच्या डोळ्यांत जी जरब असते आणि त्याच डोळ्यांत जी माया असते, ती नोंदवहीत कशी भरणार?

कोनमापक

मास्तर, तुम्ही अगदी माझ्या मनातली दुसरी अर्धी बाजू लिहिलीत.

पण दुसऱ्या बाजूने बघा. त्या क्षणी थांबवलं असतं तर उरलेल्या २९ जणांना तमाशा मिळाला असता आणि त्या मुलाला प्रेक्षक. तो तेवढ्यासाठीच आला होता. माया दुपारच्या त्या बोलण्यात होती, आणि ती नोंदवहीत भरत नाहीत हेही खरं. नोंद फक्त एवढीच की बोलणं झालं. ज्यांना हे नुसतं कारकुनी काम वाटतं त्यांच्या वर्गात पायऱ्या चढतच राहतात. ते रोज दिसतं.

छडीचा विषय निघालाच आहे तर, इथेही ती होती. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून ती १९८७ मध्ये गेली, खासगी शाळांतून तर १९९९ मध्ये. आमच्या स्टाफरूममध्ये असे एकदोघे आहेत ज्यांनी विद्यार्थी म्हणून ती खाल्लीय. माझा आपला अंदाज असा की ही सगळी जिन्यासारखी रचना तिच्या रिकाम्या जागी हळूहळू उभी राहिली.

धुकं, निर्लज्ज वगैरे काही नाही, हे प्रश्न विचारायलाच हवेत. लंडनबाहेर मुख्य वेतनश्रेणीची पहिली पायरी सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. लंडनच्या आतल्या भागात जास्त, आणि घरभाडं त्याहून जास्त. आयकर, नॅशनल इन्शुरन्स आणि शिक्षकांच्या पेन्शनचा हप्ता कापून महिन्याला २,१०० पौंडांच्या आसपास हातात येतात. अनुभवाच्या पायऱ्या मागता येतात, पण मागाव्या लागतात. पत्र आल्यावर नाही, होकार देण्याआधी. अॅकॅडमी शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराच्या) स्वतःची श्रेणीही ठरवू शकतात.

बी.एड.बद्दल : इथे लागतो तो क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षक हा दर्जा. २०२३ पासून भारतातले शिक्षक त्यासाठी थेट अर्ज करू शकतात, पण विषय गणित, विज्ञान किंवा भाषा आणि वयोगट ११ ते १६ असा हवा. अर्जाला फी नाही. हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडची नोंदणी, परीक्षा, सगळंच वेगळं.

आडवाट

मी शिक्षिका नाही, पालक. मुलगा इयर ८ मध्ये. टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

पेरेंट्स ईव्हनिंग ऑनलाइन असते. एका शिक्षकाला पाच मिनिटं, पडद्यावर घड्याळ उलटं चालतं आणि शून्य झालं की शिक्षक वाक्याच्या मध्यावर गायब. नवऱ्याने पहिल्याच वर्षी विचारलं, वर्गात नंबर कितवा? समोरच्या बाई इतक्या गोंधळल्या की त्यातच दोन मिनिटं गेली. नंबर नसतोच. प्रगतिपुस्तकात अपेक्षित पातळीच्या वर, बरोबर, खाली असं काहीतरी आणि 'अभ्यासाकडे बघण्याची वृत्ती' यासाठी वेगळा शेरा. आम्हाला आधी हे गुळमुळीत वाटायचं. पण मुलाला गणिताची भीती वाटत नाही, आणि मला त्या वयात वाटायची, एवढं खरं.

एक तक्रारही आहे. पाढे! इथे इयर ४ मध्ये मुलांची पाढ्यांची परीक्षा होते, १२ च्या पाढ्यापर्यंत. २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. ती संपली की शाळेने पाढे सोडले ते सोडलेच. कोनमापक, तुमच्या वर्गात काय परिस्थिती?

आणि हो, मुलाच्या शाळेत यंदा परदेशातून आलेले दोन शिक्षक आहेत. पहिले पंधरा दिवस घरी उच्चारांची नक्कल चालली होती. मी काही बोलले नाही. आता त्याच सरांनी सांगितलेलं आम्हाला ऐकवत असतो, नक्कल कधी बंद झाली कळलंही नाही.

कोनमापक

आडवाट, परिस्थिती अशी की इयर १० च्या माझ्या फाउंडेशन सेटमध्ये ७ गुणिले ८ ला बोटं निघतात. जीसीएसई गणिताचे तीन पेपर, त्यातल्या पहिल्यात कॅल्क्युलेटर नाही, बाकी दोन्हींत आहे. मुलं त्या दोघांवर भिस्त ठेवतात.

हे 'सेट' प्रकरण जरा खोलात सांगायला हवं. पातळीप्रमाणे वर्ग पाडलेले असतात आणि परीक्षाही दोन स्तरांवर, हायर आणि फाउंडेशन. ग्रेड ९ ते १, नऊ सर्वांत वर. फाउंडेशनला बसलं की कितीही चांगलं लिहा, ५ च्या वर ग्रेड मिळत नाही. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणीतरी छत किती उंच ते ठरवतं. मला ते खटकतं. पण त्याच सेटमध्ये एक मुलगी आहे, जी हायरच्या पेपरसमोर कोरा कागद ठेवून रडली असती. इथे ती ४ च्या दिशेने सरकतेय. ४ महत्त्वाचा, कारण तो नाही मिळाला तर सोळानंतरही गणित करत राहावं लागतं. तिला केशभूषेचा कोर्स करायचाय आणि त्यात मी आड येतेय, असं तिने मला स्वच्छ सांगितलंय.

राहून गेलेली आणखी एक गोष्ट, सेफगार्डिंग. कामावर रुजू होताना सरकारचा बालसुरक्षेचा दस्तऐवज, निदान त्याचा पहिला भाग, वाचावाच लागतो. त्यातलं सर्वांत जड जातं ते असं : मूल म्हणालं, 'मी एक सांगते पण कोणाला सांगू नका', तर असं वचन देता येत नाही. आधीच सांगायचं की तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला पुढे कळवावं लागेल. मग ऐकायचं, आपल्या मनाचे प्रश्न घालायचे नाहीत, तिच्याच शब्दांत लिहायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या नेमलेल्या व्यक्तीकडे द्यायचं. मुलांच्या घरी फोन करून 'मी बघते' म्हणण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे परकं वाटतं. पण ओझं एकट्याच्या डोक्यावर घेऊन घरी जावं लागत नाही.

पानगळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात मिडल स्कूलला शिकवते, जे-१ व्हिसावर. तो तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन वाढवून मिळतात, नंतर परत जायचं. त्यामुळे इथे पाय रोवण्याच्या हिशोबाने येणाऱ्यांनी आधीच विचार करा.

इथली गुणवही ऑनलाइन आणि उघडी. मी गुण भरले की त्याच संध्याकाळी पालकांचा ईमेल. पाच मिनिटांची भेट ऐकून मला तुमचा हेवा वाटला. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा आयईपी हा कायद्याने बांधलेला कागद. १९७५ च्या कायद्यापासून आलेली ही पद्धत. त्यात 'परीक्षेला दीडपट वेळ' लिहिलं असेल तर द्यायचाच, आणि त्याच्या बैठकीला पालक, तज्ज्ञ, शिक्षक एका टेबलाशी बसतात. ती बैठक मला अमेरिकेतल्या शाळेची सर्वांत चांगली बाजू वाटते.

सर्वांत वाईट बाजू म्हणजे लॉकडाउन ड्रिल, शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव. दिवे बंद, दाराला कुलूप, तीस मुलं भिंतीशी जमिनीवर. ती सरावलेली असतात. मी नव्हते.

प्रयोगवही

@पानगळ, ते वाचून गप्प झालो.

@मास्तर, तुमचा कारकुनीचा मुद्दा आणखी एका जागी खरा आहे : तपासणी. ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे निरीक्षक येणार म्हटलं की शाळेचा श्वास अडकतो. पूर्वी सगळ्या शाळेला एका शब्दात तोलायचे, तो एकशब्दी निकाल सरकारी शाळांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाला. भीती तेवढ्याने जात नाही. युनियनचं सभासद व्हा, एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी, कुठलंही. इथे जवळपास सगळे असतात आणि त्याला कोणी बंडखोरी समजत नाही.

धुकं

खूप आभार सगळ्यांचे. एका एजंटने 'प्लेसमेंट आणि स्पॉन्सरशिप' म्हणून चार लाख मागितलेत. शिवाय म्हणतो की सरकार दहा हजार पौंड परत देतं. खरं आहे का?

प्रयोगवही

नाही. पैसे देऊ नका. नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घ्यायला ब्रिटनमध्ये १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने मनाई आहे. एजन्सीला पैसे शाळा देते. शाळेकडे स्पॉन्सर परवाना (परदेशी माणसाला व्हिसावर नेमण्याचा) आहे का, ते सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत तुम्हीच बघू शकता. एजन्सीमार्फत रोज वेगळ्या शाळेत बदली शिक्षक म्हणून जाण्यासाठी हा स्पॉन्सरशिपचा व्हिसा नाही, तेव्हा 'आधी या, मग शाळा बघू' हे ऐकलं की फोन ठेवा. दहा हजार पौंडांची योजना होती, पण ती भाषा आणि फिजिक्ससाठी, २०२३ पासूनच्या ठरावीक भरतीपुरती. गणितवाल्यांना ती कधी लागूच नव्हती.

कोनमापक

यात माझी भर : खरा खर्च व्हिसाबरोबरच्या आरोग्य अधिभाराचा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आगाऊ. कुटुंब असेल तर आकडा एकदम फुगतो. शाळा तो भरेल का, हे लेखी विचारा.

वेळ साधायची तर जानेवारीपासून जाहिरातींवर नजर ठेवा. इथल्या शिक्षकांना उन्हाळ्यानंतर शाळा बदलायची असेल तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, म्हणून वसंतात जागा भराभर निघतात. मुलाखतीत नमुना धडा घ्यावा लागतो, ऑनलाइन असला तरी. काही ठिकाणी मुलांचं मंडळही मुलाखत घेतं आणि त्यांचे प्रश्न मुख्याध्यापकांपेक्षा अवघड असतात.

आणि सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते संदर्भपत्रावर. शाळा तुमच्या आत्ताच्या मुख्याध्यापकांना थेट ईमेल करते, शाळेच्या अधिकृत पत्त्यावर. खासगी पत्त्यावरून आलेलं उत्तर बहुतेकदा धरत नाहीत. त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

धुकं

आमच्या शाळेचा अधिकृत ईमेल मुख्याध्यापक कधीच बघत नाहीत. पासवर्ड फक्त क्लार्क काकांना माहीत आहे.

निवृत्त मास्तर

मग अर्ज करण्याआधी क्लार्क काकांना भेटा. आमच्या काळीही शाळा तेच चालवायचे.